मध्यम ऊसतोडणी यंत्राचं डिझाइन: प्रत्येकाला वेगळं मशीन हवंय, ठरवायचं कसं?

शिरोलीची_डिझायनर

नमस्कार. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. आम्ही आजवर नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली असली अवजारं बनवत आलो. आता पहिल्यांदाच स्वतःचं ऊसतोडणी यंत्र करतोय. १७५ एचपीचं इंजिन, चाकांवर चालणारं, एका वेळी एक सरी तोडणारं, उसाचे तुकडे करून शेजारून चालणाऱ्या इनफिल्डरमध्ये (तुकडे भरून घेणाऱ्या ट्रॉलीत) टाकणारं. मोठी मशीन आमच्या भागातल्या वीस-पंचवीस गुंठ्यांच्या तुकड्यात वळत नाहीत, म्हणून हे मध्यम आकाराचं.

यातलं तांत्रिक काम अवघड आहे, पण ते करायला आमच्याकडे चांगली माणसं आहेत. मला विचारायचंय ते वेगळंच.

गेल्या हंगामात प्रोटोटाइप फडात चाललं. त्यानंतर ज्याला ज्याला विचारलं त्याने वेगळं मशीन सांगितलं. कारखान्याचे शेती अधिकारी म्हणतात, पाचट कमी आणा, ते उडवणारा फॅन जोरात फिरवा. शेतकरी म्हणतो, फॅन जोरात फिरवला की माझा ऊस मागे उडून जातो, वजनात मार बसतो. मशीनमालकाला पाचटाचं काही नाही, त्याला दिवसाला टन किती पडतात आणि डिझेल किती जातं तेवढंच बघायचंय. वाहतूकदाराला तुकडे आखूड हवेत, म्हणजे ट्रॉली गच्च भरते. तेच तुकडे आखूड केले की कापाच्या तोंडाशी रस जातो आणि गव्हाणीत (कारखान्यात ऊस खाली करतात तिथे) थांबला की उसातली साखर लवकर घटते, म्हणून कारखान्याला लांब हवेत. आणि आमचा सेल्स म्हणतो, तीन फुटी सरीत चालणारं द्या, बाकी काहीही करा.

ही तीन फुटाची गोष्ट नीट सांगते, कारण कागदावर ती एका ओळीची मागणी आहे. आमच्याकडे अजून पुष्कळ लागणी तीन-साडेतीन फुटी सरीवर आहेत. मशीनसाठी निदान चार, खरं तर साडेचार-पाच फूट लागतात. चाकांमधलं अंतर कमी केलं तर चाक खोडव्यावर, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसावर, चढणार नाही, हे बरोबर. पण आमचा एलिव्हेटर, म्हणजे तुकडे वर नेऊन ट्रॉलीत टाकणारा पट्टा, बाजूला वळून, उसाच्या तुकड्यांनी भरलेला, उंचावर लटकत असतो. चाकं जवळ आणली की बांधाच्या उतारावर मशीन कलंडायची भीती. ते टाळायला खाली वजन वाढवायचं. वजन वाढलं की काळ्या रानात चाक रुततं आणि सरीतली माती दाबली जाऊन खोडवा नीट फुटत नाही. म्हणजे खोडवा वाचवायला केलेला बदल फिरून खोडव्यावरच येतो. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर उत्तर आलं, "तुम्ही इंजिनिअर आहात, काढा मार्ग."

दुसरी अडचण आमच्या घरातली. आमचे तीन गट आहेत. कटिंगवाल्यांकडे शेंडा कापणी, बेस कटर (ऊस बुडातून कापणारा) आणि चॉपर (उसाचे तुकडे करणारा). पॉवरवाल्यांकडे इंजिन, हायड्रॉलिक, कूलिंग. तिसरं म्हणजे एक्स्ट्रॅक्टर फॅन आणि एलिव्हेटर, ते बाहेरच्या व्हेंडरकडे दिलंय. प्रत्येक गट आपापल्या प्रमुखाला बांधील. चॉपरमधून तुकडे बाहेर पडतात आणि फॅनच्या खाली येतात, त्यामधली डक्टची तोंडं जुळायला हवीत. आमच्याकडे त्या डक्टचं ड्रॉइंग कुणाच्याच यादीत नाही. कटिंगवाल्यांनी ऊस आत घ्यायचा वेग वाढवला, व्हेंडरने जुन्या वेगावर फॅन काढला. फडात पाचट साठून डक्ट तुंबत होता आणि दोन्हीकडची माणसं आपापलं ड्रॉइंग दाखवून "आमचं बरोबर आहे" म्हणत होती. दोघांचंही बरोबर होतं.

वजनाचं तसंच. ठरलं होतं आठ टन. प्रत्येकाने आपल्या भागात थोडी थोडी जास्तीची ताकद धरली, पंप मोठा, म्हणून ऑइल कूलर मोठा, म्हणून फ्रेम जाड. आज सव्वानऊ टनांवर आहोत.

आणि वेळ अजिबात नाही. ट्रॅक्टर वर्षभर चालवून बघता येतो. ऊस तोडायचा तर गाळप चालू असतानाच, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. डिझाइन जुलैच्या मध्याला थांबवलं नाही तर दसऱ्याला मशीन उभं राहणार नाही, आणि हंगाम चुकला की वर्ष गेलं.

प्रश्न असा: इतक्या लोकांच्या परस्परविरोधी मागण्यांतून प्राधान्य ठरवायची काही धड रीत आहे का? आमच्या साहेबांनी सगळ्या मागण्यांची एक्सेल शीट करून प्रत्येकीला एक ते दहा गुण द्यायला सांगितलेत. सगळ्यांनी स्वतःच्या मागणीला दहा दिलेत.

---

निवृत्त_प्रॉडक्ट_प्लॅनर

ताई, प्रश्न फार नेमका मांडलात. मी पुण्याकडे ट्रॅक्टरच्या प्रॉडक्ट प्लॅनिंगमध्ये नोकरी केली, त्यावरून सांगतो. थोडं लांबेल.

ती गुणांची शीट बाजूला ठेवा. मागणीला गुण देऊन काही ठरत नाही, कारण मागणी करणाऱ्याच्या खिशातून त्यासाठी काही जात नसतं. त्याऐवजी एका एकराचा हिशोब मांडा. एका एकरात तुमचं मशीन शिरल्यापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत कुणाचे किती रुपये वाढतात आणि कुणाचे किती कमी होतात.

मी करून दाखवतो. एकरी ४० टन धरा, टनाला सोयीसाठी ३,००० रुपये. मशीनने तोडलेल्या उसावर तुमच्याकडे पाचटाची वजावट साडेचार टक्क्यांच्या आसपास असेल. म्हणजे १.८ टन गेले, ५,४०० रुपये. ही वजावट सरसकट आहे. तुम्ही अतिशय सुंदर फॅन बनवून खरं पाचट तीन टक्क्यांवर आणलंत, तरी शेतकऱ्याचे ५,४०० जातातच. त्याच्या दृष्टीने तुमच्या सुधारणेची किंमत शून्य. उलट फॅनचा वेग वाढल्याने एक टक्का ऊस मागे उडाला तर ०.४ टन, म्हणजे १,२०० रुपये आणखी गेले. तो फॅन कमी करा म्हणतो ते अगदी बरोबर म्हणतो.

आता कारखान्याकडून बघा. पाचट कमी आलं की त्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, सुधारतो, वाहतुकीत कचरा कमी येतो, मिलवरचा ताण कमी होतो. फायदा खरा आहे. पण एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. ज्याच्या रानातून स्वच्छ ऊस आला त्याला त्याचा वेगळा पैसा नाही. तो फायदा सगळ्या सभासदांत विरघळतो.

आणि मशीनमालकाला टनावर पैसे मिळतात. फॅन हळू ठेवला तर डिझेल वाचतं आणि पाचटासकट वजन वाढतं. त्याला स्वच्छतेत रस का असावा?

बघा, तिघांचं भांडण फॅनच्या वेगावरून दिसतंय, पण ते आहे पाचट न मोजण्यावरून. कारखान्याने मशीनच्या खेपांतलं पाचट नमुन्याने मोजून खऱ्या आकड्याप्रमाणे वजावट केली तर तुमच्या चांगल्या फॅनला एका दिवसात किंमत येईल. नाही मोजलं, तर जगातला उत्तम फॅन लावलात तरी मालक तो हळूच फिरवणार. म्हणून डिझाइन थांबवायच्या आधी तुमच्या सेल्सच्या माणसाने एक तरी कारखाना मोजणीला तयार होतो का ते बघावं. हे सेल्सचं काम आहे आणि तीन फुटी सरीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

ऊस किती उडतो हेही स्वतः मोजा. मशीनच्या मागे ताडपत्री अंथरून त्यावर पडलेले तुकडे गोळा करून वजन करायची पद्धत ऑस्ट्रेलियात जुनी आहे. मात्र फॅनच्या पात्यांनी भुगा झालेला ऊस आणि उडालेला रस ताडपत्रीवर सापडत नाही, त्यामुळे खरं नुकसान त्याहून जास्त असतं हे धरून चाला. फॅनचे तीन वेग, प्रत्येक वेगाला पाचट किती आणि नुकसान किती, एवढा एकच आलेख सगळ्या संबंधितांसमोर ठेवा. मतांची चर्चा तिथेच थांबते.

आता तुमच्या घरातलं. मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलंय की संस्थेत माणसांचं आपसात बोलणं जसं चालतं, तशीच रचना तिच्या उत्पादनात उतरते. तुमच्या मशीनमध्ये नेमकं तिथेच तुंबतंय जिथे कटिंगवाल्यांचं आणि व्हेंडरचं बोलणं होत नाही. फॅन आणखी मोठा करून ते सुटणार नाही.

एक काम करा, दुपारभराचं आहे. मशीनचे वीसेक भाग उभे लिहा, तेच वीस आडवे लिहा, आणि ज्या दोन भागांत ऊस, तेल, उष्णता, वजन किंवा जागा यांची देवघेव होते तिथे खूण करा. डोनाल्ड स्टुअर्डने १९८१ मध्ये हा तक्ता मांडला, विमानापासून मोटारीपर्यंत सगळीकडे वापरतात. मग प्रत्येक भागावर त्याच्या गटाचा रंग द्या. जिथे खुणा दाट आणि रंग दोन, तिथे नाव घालून एक माणूस नेमा. समिती नको, एक माणूस. तुमच्या बाबतीत मी पैजेवर सांगतो, चॉपर आणि फॅन एकाच गटात यायला हवेत आणि एलिव्हेटर खुशाल बाहेर राहू दे.

टोयोटात प्रत्येक गाडीला एक मुख्य अभियंता असतो. इंजिनवाले, बॉडीवाले त्याला बांधील नसतात, ते आपापल्या विभागप्रमुखाचेच. तरी ही गाडी कुणासाठी आणि कशी, यावर शेवटचा शब्द त्याचा. तुमच्या कंपनीत तो शब्द कुणाचा आहे? तुमच्या पोस्टमध्ये मला तो माणूस सापडला नाही. साहेबांना हे सरळ विचारा.

वजनाची वही त्याच माणसाकडे द्या. प्रत्येक गटाला किलोची वाटणी, आणि वर राखीव साठा एकच, तोही त्याच्याकडे. प्रत्येकाने आपापला राखीव धरला की त्याची बेरीज सव्वानऊ टन होणारच.

---

फडावरचा_मालक

ताई, माझं मशीन हाय, मोठ्या कंपनीचं, वाळवा भागात चालवतो. वरच्या काकांनी हिशोब बराबर मांडला, पण मालकाचा खरा हिशोब ऱ्हायला.

मालकाचा जीव अडकतो मशीन उभं ऱ्हाण्यात. हंगाम पाच महिन्याचा, बँकेचा हप्ता वर्षाचा. रात्री दोनला होज (हायड्रॉलिक तेलाचा पाईप) फुटला तर तो कुठं मिळतोय यावर माझी झोप ठरते. माझ्या मशीनला वेगवेगळ्या मापाचे होज इतके हायत की पेटी भरून बाळगतो, तरी जो फुटतो तो नेमका पेटीत नसतो. तुमच्या हायड्रॉलिकवाल्या साहेबांना सांगा, मापं चारावर आणा आणि इस्लामपूर, सांगली, कराड इथल्या दुकानात मिळतील अशीच घ्या. त्यासाठी एखादा होज गरजेपेक्षा जाड झाला तरी चालंल. ह्याला मी जादा पैसं द्यायला तयार हाय. पाचटाला न्हाई.

दुसरं, बेस कटरची पाती. दगड-माती लागून बोथट होत्यात, बदलायला लागत्यातच. बोथट पात्यानं बुडखा फाटतो, खोडव्याला रोग लागतो आणि शेतकरी पुढच्या साली मशीन दारात उभं करत न्हाई. आता पाती बदलायची म्हंजे आडवं झोपून, मोबाईलच्या उजेडात, चिखलात, वर सगळं मशीन. पोरं टाळाटाळ करत्यात, आन मी त्यांना बोलत न्हाई, कारण मलाच भ्या वाटतं. कटर वर उचलून पक्कं अडकवायला एक पिन आन तिथं एक दिवा, एवढं करा. बोल्ट एकाच पान्यानं निघू दे. हे जर केलंत तर शेतकऱ्याचा बुडखा आपोआप नीट कापला जाईल. त्याला वेगळं काय द्यायला नको.

तीन फुटी सरीचं सोडून द्या. आमच्या पट्ट्यात पोरं आता साडेचार फुटावर जायला लागल्यात, कारण तोडणाऱ्या मजुरांच्या टोळ्या मिळंनात. दोन-तीन सालात रानंच बदलत्यात. मशीन मातर धा वर्सं चालवायचं असतं.

---

हॅम्बुर्ग_वायरिंग

मी मूळची कराडची, हॅम्बुर्गमध्ये विमानांच्या इलेक्ट्रिकल डिझाइनमध्ये काम करते. डक्टची गोष्ट वाचून राहवलं नाही, कारण आमच्या क्षेत्रात हाच प्रसंग फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलाय आणि नव्या माणसाला अजूनही सांगितला जातो.

एअरबस ए३८० मध्ये ५०० किलोमीटरहून जास्त वायर आहे. धडाचे पुढचे आणि मागचे भाग हॅम्बुर्गहून यायचे, जुळणी फ्रान्समध्ये तुलूझला. जर्मनीत कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती होती, फ्रान्समध्ये पाचवी. वायरचे जुडगे जोडायला घेतले तर ते आखूड पडायला लागले. २००६ मध्ये कंपनीला उशीर जाहीर करावा लागला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये, आणि त्यानंतरची विमानंही ठरल्यापेक्षा खूप उशिरा गेली.

सॉफ्टवेअरची आवृत्ती हे वरवरचं कारण झालं. दोन्ही देशांतल्या कार्यालयांनी आपापली जुनी पद्धत सोडली नव्हती, आणि दोन्हीकडचं मिळून एक पूर्ण मॉडेल रोज उघडून बघण्याची जबाबदारी कुणाची ते पक्कं नव्हतं, असं मला वाटतं.

तुमच्यासाठी यातून एकच मागणं. व्हेंडरकडून पीडीएफ ड्रॉइंग घेणं बंद करा. त्याचं थ्रीडी मॉडेल दर शुक्रवारी तुमच्या मॉडेलमध्ये बसवा आणि तिन्ही गटांच्या माणसांनी एका टेबलाशी बसून ते फिरवून बघा. डक्टच्या दोन्ही तोंडांची मापं, तिथून सेकंदाला किती किलो ऊस-पाचट जाणार तो आकडा, आणि तो बदलायचा तर कुणाची सही, एवढं एका पानावर लिहून व्हेंडरच्या करारालाच जोडा. कटिंगवाल्यांनी वेग वाढवला त्या दिवशी हे पान बदलावं लागलं असतं आणि व्हेंडरला फोन गेला असता.

---

कोयत्याची_लेक

मी बीड जिल्ह्यातली. माझे आई-वडील अजून दरवर्षी उचल (आगाऊ पैसे) घेऊन तोडीला जातात, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई, तुमच्या यादीत कारखाना आहे, शेतकरी आहे, मालक, वाहतूकदार, सेल्स, व्हेंडर सगळे आहेत. तोडणारी माणसं नाहीत.

मी मशीनच्या विरोधात बोलत नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना माझी आई कशी दिसते ते मी पाहिलंय. ते काम उद्या बंद झालं तर मला आनंदच होईल. पण आनंद होण्यासाठी त्यांच्या हाताला दुसरं काम हवं. मशीन कोण बनवतं आणि कसं बनवतं यावर त्यातलं थोडंसं तरी अवलंबून आहे, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, तुमच्या मशीनलाही माणसं लागतातच. बांधाकडेचा ऊस आधी हाताने तोडून मशीनला वळायला जागा करावी लागते. कोपरे राहतात. लोळलेल्या उसात मागे राहिलेली कांडी वेचावी लागतात. हे काम कुणी करायचं, त्याचा पैसा टनात धरायचा की रोजावर, हे आज कुठेच लिहिलेलं नसतं. मालक म्हणतो शेतकऱ्याने बघावं, शेतकरी म्हणतो मालकाने. वरच्या काकांच्या एकराच्या हिशोबात ही एक ओळ घाला.

दुसरी, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. हाताने तोडताना वाढे बाजूला पडतात, ते जनावरांना जातात, विकून तोडणाऱ्याच्या हातात रोजचे दोन पैसे येतात. मशीन शेंड्याचा भुगा करून रानात पसरतं. शेंडा कापून अखंड एका बाजूला टाकता आला तर हिवाळ्यात त्या गावातल्या गोठ्यांना किती आधार होईल ते तिथल्या बायकांना विचारा.

तिसरी माझी खरी मागणी. केबिनमध्ये दुसरी सीट द्या, पट्ट्यासकट. आज ऑपरेटर व्हायचं तर मुलगा शिडीला लटकून शिकतो. खाली कटर फिरतंय आणि तो एका हाताने दांडा धरून आत बघतोय. टोळीतल्या मुलांना ऑपरेटर करायचंय असं सगळे भाषणात म्हणतात, पण शिकायला बसायची जागा मशीनमध्ये नाही. आणि बसायची जागा झाली तर मुलीही शिकतील, शिडीला लटकायला त्यांना कुणी पाठवणार नाही.

---

शिरोलीची_डिझायनर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, एकराचा हिशोब आमच्या आकड्यांवर मांडला आणि कालच्या मीटिंगला एका कागदावर घेऊन गेले. सेल्सच्या प्रमुखांनी तो दोनदा वाचला. तीन फुटी सरी या हंगामापुरती बाजूला ठेवली. वाळव्याच्या दादांचं वाक्य मी जसंच्या तसं वाचून दाखवलं, "रानंच बदलत्यात", त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

वीस बाय वीसचा तक्ता आम्ही ड्रॉइंग हॉलच्या फळ्यावर केला. काका, पैज तुम्ही जिंकलात, चॉपर-फॅनच्या चौकटीत सगळ्यात दाट खुणा आणि तिथेच दोन रंग. फॅन आता कटिंग गटाकडे येतोय, व्हेंडरकडे एलिव्हेटर राहील. हॅम्बुर्गच्या ताईंनी सांगितलेलं इंटरफेसचं पान मी लिहायला घेतलंय. शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न मी साहेबांना विचारला. त्यांनी वेळ मागितलाय. तोवर वजनाची वही माझ्याकडे आहे आणि राखीव साठाही. पंपवाले नाराज आहेत, पण मला त्यांच्याशी रोज बोलता येतं.

होजची मापं चारावर येत नाहीत, सहावर येतील असं दिसतंय. कटरची पिन आणि दिवा मंजूर, त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही.

बीडच्या ताई, दुसऱ्या सीटचं वजन, काच आणि केबिनची रुंदी धरून आमच्या अंदाजाने सत्तरेक किलो जातात. सव्वानऊवरून खाली उतरत असताना हे किलो मागणं अवघड होतं. मी ते राखीवातून दिलेत. सीट प्रोटोटाइपमध्ये येतेय. शेंडा अखंड टाकायचं मात्र या हंगामात जमणार नाही, आमचं शेंडा कापायचं डोकंच तुकडे करणारं आहे, त्याला वेगळं डिझाइन लागेल. विषय यादीवर घेतलाय आणि त्यासमोर माझं नाव आहे. तुम्हाला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यावर करायचा असेल तर मला निरोप पाठवा, मी खरंच विचारतेय.

अडलंय एकाच ठिकाणी. एका कारखान्याचे शेती अधिकारी मोजणीला तत्त्वतः हो म्हणाले, पण म्हणतात की काट्यावर गाड्यांची रांग असताना नमुना काढून पाचट मोजत बसायला माणूस आणि वेळ कुठे आहे. रांग न थांबवता हे कसं करतात, कुणाला प्रत्यक्ष माहिती आहे का?

---

गट_ऑफिस

मी एका सहकारी कारखान्याच्या शेती विभागात आहे. प्रत्येक गाडी मोजायला जाऊ नका, तिथेच सगळे अडकतात. मशीनवार मोजा. एका मशीनच्या दिवसाच्या खेपांतल्या दोन-तीन गाड्या चिठ्ठीने निवडायच्या. निवडलेली गाडी काट्यावर नेहमीसारखी वजन करून पुढे जाऊ द्यायची आणि गव्हाणीत खाली होताना वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून मिळून वीस-पंचवीस किलोचा नमुना पोत्यात घ्यायचा. रांग थांबत नाही, कारण तुमचा माणूस काट्यावर नसतो, खाली करण्याच्या जागी असतो.

नमुना शेडमध्ये नेऊन हाताने चार ढीग करायचे: स्वच्छ ऊस, पाचट, शेंडे, माती-मुळ्या. प्रत्येकाचं वजन. माती वेगळी लिहा, ती फॅनमुळे येत नाही, बेस कटर खोल चालवल्याने येते. आठवड्याची सरासरी काढून त्या मशीनची वजावट पुढच्या आठवड्याला लावायची. मोजताना शेतकऱ्यांचा एक प्रतिनिधी आणि मशीनमालकाचा एक माणूस हजर हवा, नाहीतर आकड्यावर भांडण होईल.

माणसाचा खर्च पहिल्या हंगामात तुमच्या कंपनीने उचलावा असं मी सुचवेन, एकाच गटात, तीन-चार मशीनपुरता. आणि प्रस्ताव घेऊन ऑगस्टमध्येच जा. तोडणी-वाहतुकीचे करार त्या सुमाराला होत असतात, त्यात ही अट लिहिली गेली तरच ती पाळली जाते.